शरीरातल्या चुंबकाची कल्हई

आमच्या आजीच्या घरी पितळेच्या पातेल्यांना वर्षातून दोनदा कल्हई व्हायची. कल्हईवाला अंगणात छोटा खड्डा करून भाता लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरागरा एक फेर. बघता बघता काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही मुलं त्या चकाकीकडे बघत बसायचो. आजी मात्र पैसे देण्याआधी पातेलं उजेडाकडे धरायची आणि काठाच्या वळणाखाली, बुडाच्या कडेने बोट फिरवायची. तिथे कल्हई नीट धरली नसेल तर त्या पातेल्यातलं ताक कळकणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

गेली 22 वर्षं मी भोसरीत धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवणाऱ्या एका प्लेटिंग शॉपमध्ये क्वालिटीचं काम करते. आजीचं बोट जे करायचं तेच मी मायक्रोस्कोप आणि सॉल्ट स्प्रेच्या पेटीने, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फवारा मारून गंज धरतो का ते बघणाऱ्या पेटीने करते. म्हणून गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा मला आधी आजी आठवली. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मावशी, बोटात चुंबक बसवून घ्यायचा विचार आहे. टायटॅनियम आणि सोन्याच्या नव्या मिश्रधातूचं कोटिंग असेल तर काही होणार नाही ना?"

मी नको म्हटलं, पण का नको ते फोनवर धड सांगता आलं नाही. ते इथे सांगते आहे. त्याच्यासाठी, आणि 'बायोकम्पॅटिबल', म्हणजे शरीराला चालणारा, हा शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्या सगळ्यांसाठी. माझं म्हणणं असं की शरीरात जाणाऱ्या चुंबकाबद्दल आपण धातूचं नाव विचारत बसतो आणि सांध्याबद्दल, कडेबद्दल, झाकणाबद्दल कुणी विचारत नाही. आणि हे विचारण्याचं काम वीस वर्षांच्या मुलावर सोडून आपल्या नियमांनी गप्प बसणं मला मान्य नाही.

बोटात चुंबक कशासाठी, असं अनेकांना वाटेल. बोटाच्या टोकाला स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा चुंबक ठेवला, तर जवळ मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर चालू असताना तो आतल्या आत थरथरतो आणि माणसाला विजेचं अस्तित्व 'जाणवतं'. 2000 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्टीव्ह हॉवर्थ यांच्यासारख्या शरीरकला करणाऱ्यांनी हे सुरू केलं. एक नवं इंद्रिय मिळवण्याची ती ओढ मला खुळचट वाटत नाही. माझ्या भाच्याच्या आवाजातली उत्सुकता खरी होती.

आणि चुंबक फक्त हौसेपोटी शरीरात जात नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागे, कातडीखाली चुंबक असतो. बाहेरची कॉइल त्यालाच चिकटून राहते. अन्ननलिकेच्या टोकाशी टायटॅनियमच्या मण्यांची माळ बसवतात, तिच्या मण्यांत चुंबक असतात, आणि पोटातलं आम्ल वर येऊ नये म्हणून ती नळीचं तोंड आवळून धरते. अमेरिकेत तिला 2012 साली परवानगी मिळाली. पाठीचा कणा वाकडा होत जाणाऱ्या लहान मुलांच्या पाठीत असा रॉड बसवतात की ज्याची लांबी बाहेरून चुंबक फिरवून वाढवता येते. एरवी त्या मुलांना दर काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावं लागायचं. लंडनमध्ये 2017 साली डोळ्याची बाहुली सतत थरथरणाऱ्या एका रुग्णाच्या डोळ्याखाली चुंबक बसवून ती थरथर आवरल्याचं डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. हा विषय चार हौशी पोरांपुरता नाही, तो आपल्या ऑपरेशन थिएटरमधलाही आहे.

अडचण चुंबकाच्या धातूतच आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक बनवला. त्याच्याइतका जोर दुसऱ्या कुठल्याही कायम चुंबकात नाही. वजनाने साधारण 30 टक्के निओडिमियम, एक टक्का बोरॉन, बाकी बहुतेक लोखंड. आता निओडिमियम हा हवेलासुद्धा न टिकणारा धातू. चुंबकाच्या कणाकणांमधल्या फटीत तोच जास्त प्रमाणात असतो, म्हणून पाणी लागलं की गंज आधी त्या फटींमध्ये शिरतो आणि कण सुटे होतात. शिवाय गंजताना हायड्रोजन तयार होतो, तो आत शोषला जातो, आणि चुंबक फुगून भुगा होतो. चुंबकाच्या कारखान्यांत मिश्रधातूची भुकटी करायला हाच गुण मुद्दाम वापरतात.

भाच्याला दाखवायला म्हणून मी बंद पडलेल्या हार्डडिस्कमधला एक चुंबक काढला. वरून निकेलचं प्लेटिंग, आरशासारखं. एका कोपऱ्यावर कानशीने एकच घास मारला, बाजरीच्या दाण्याएवढा. मग लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घातलं, म्हणजे रक्ताच्या खारटपणाइतकं, त्यातलं पेलाभर घेऊन चुंबक त्यात सोडला आणि पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यातून तपकिरी धागा निघाला होता. पाचव्या दिवशी निकेल फोडासारखं वर आलं. दोन आठवड्यांनी मी चिमट्याने ते धरलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं, आणि खाली चुंबकाच्या जागी काळा चिखल. निकेलला मात्र काहीही झालं नव्हतं. पापुद्रा अजून चकाकत होता. तो फोटो मी भाच्याला पाठवला.

असं का होतं ते घरातल्या दोन वस्तूंवरून कळतं. जस्ताच्या बादलीला ओरखडा पडला तरी ती लगेच गंजत नाही. जस्त लोखंडापेक्षा हळवं, ते स्वतः झिजतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या. त्यावर कथलाचा थर असतो. कथील लोखंडापेक्षा टिकाऊ, म्हणून ओरखडा पडला की कथील सुखरूप राहतं आणि सगळा मार त्या उघड्या रेघेवर येतो. न्हाणीघरात ठेवलेला डबा त्या एका रेघेतून आरपार जातो. दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी: झाली बॅटरी. वरचा धातू जितका श्रेष्ठ आणि त्याचा पृष्ठभाग जितका मोठा, तितका खालच्या धातूच्या छोट्याशा उघड्या ठिपक्यावर हल्ला जोरात.

निओडिमियमवर सोनं चढवा. सोन्याला शरीरात काहीही होत नाही, शंभर नंबरी बायोकम्पॅटिबल. पण थरात एक पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, तर सोनं नसतं तर गेला असता त्यापेक्षा तिथला चुंबक जास्त वेगाने जातो. थर जितका उत्तम, तितकी त्याच्यातली चूक महाग. धातूचं नाव ऐकून भुलणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. कोटिंगच्या जाहिरातीत धातूचे गुण असतात, छिद्रांची संख्या नसते.

भाच्याने विचारलेला मिश्रधातू खोटा नाही. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात एमिलिया मोरोसान यांचा गट टायटॅनियम आणि सोन्याच्या संयुगांचे चुंबकीय गुण अभ्यासत होता. तीन भाग टायटॅनियम आणि एक भाग सोनं असा नमुना त्यांनी भुकटी करायला हिऱ्याचा लेप असलेल्या खलात घातला, आणि तो कुटलाच जाईना. मोजलं तर कठीणपणा नुसत्या टायटॅनियमच्या चौपट. 2016 साली हे प्रसिद्ध झालं आणि पेशींवरच्या चाचण्यांतही तो चांगला ठरला. ही बातमी वाचताना मलाही आनंद झाला होता. सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांसाठी असा धातू कदाचित वरदान ठरेल. तसंच निओबियम, टँटलम आणि झिर्कोनियम घातलेले टायटॅनियमचे नवे मिश्रधातू. जुन्या टायटॅनियम मिश्रधातूत व्हॅनेडियम असतं, ते यांत नाही. शिवाय हे हाडाइतके नसले तरी जुन्यापेक्षा बरेच लवचिक, त्यामुळे हाडाचा भार हाडच वाहतं. हे संशोधन मोलाचं आहे आणि त्याच्या विरोधात माझा एक शब्दही नाही.

पण त्यातून चुंबकाचा प्रश्न सुटत नाही. टायटॅनियम-सोन्याचा तो कठीणपणा एका विशिष्ट स्फटिकरचनेत येतो, आणि ती साधायला बरीच उष्णता लागते. इकडे निओडिमियमचा साधा चुंबक 80 अंशांच्या पुढे गेला की जोर गमावू लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांना निर्जंतुक करायला घातला तरी त्याची शक्ती कायमची घटते. कोटिंग आधी करून चुंबकत्व नंतर भरता येतं, कारखाने तसं करतातही. तरीही थर चढतो तो काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचा. आणि कठीण थराची एक खोड आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: तो ओरखडत नाही, तो तडकतो. बोटाचं टोक दिवसभर कुठे ना कुठे आपटत असतं. भांडं घासताना, दार लावताना, कीबोर्डवर.

इथे शॉपमधली एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्रयोगशाळेच्या बातम्यांत ती येत नाही. थर चढवायचा तर पार्ट कशाने तरी धरावा लागतो. जिगला, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याला लावला तर जिगच्या पकडीची खूण राहते, तिथे थर पातळ किंवा मुळीच नाही. बारीक पार्ट बॅरलमध्ये टाकून फिरवले तर ते एकमेकांवर आदळून कडांचे टवके उडतात, आणि हा चुंबक तर काचेसारखा ठिसूळ. व्हॅक्यूममध्ये टायटॅनियम नायट्राइडचा कठीण थर चढवा, तिथेही पार्ट कशावर तरी टेकलेला असतो आणि टेकलेल्या जागी सावली पडते. एकदा एका लॉटमध्ये वरून बघता एकही पार्ट नापास करण्यासारखा नव्हता. सॉल्ट स्प्रेमध्ये ठेवले आणि दोन दिवसांनी पेटी उघडली तर प्रत्येक पार्टवर त्याच एका जागी तांबूस ठिपका: पकडीची जागा. सगळा लॉट परत गेला. तो गाडीच्या दाराचा पार्ट होता. बोटात बसवायच्या चुंबकाचा लॉट अशा पेटीत किती तास राहिला, हे विकणाऱ्याला विचारून बघा.

अशी चूक शरीराच्या आत काय करते, तेही घडून गेलेलं आहे. अमेरिकन पत्रकार क्विन नॉर्टन यांनी 2005 साली अनामिकेत चुंबक बसवून घेतला. त्याला आवरण होतं सिलिकॉनचं. काही आठवडे त्यांना खरोखरच विजेची थरथर जाणवत होती, आणि त्याबद्दल त्यांनी फार मनापासून लिहिलं आहे. मग आवरण कुठेतरी फाटलं. बोटाचं टोक काळं पडलं. काढायला गेल्यावर चुंबक तुकडे होऊन फुटला. आत उरलेले तुकडे पुढे एकमेकांना ओढून पुन्हा एकत्र आले. आवरण फाटण्याआधी सिलिकॉनच्या बायोकम्पॅटिबिलिटीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मग उपाय काय? वैद्यकशास्त्राला हा धडा पूर्वीच मिळालेला आहे, पेसमेकरच्या वेळी. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना पहिला पूर्ण शरीरांतर्गत पेसमेकर बसवला गेला. तो बनवणारे रूने एल्मक्विस्ट यांनी त्याचं आवरण एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेचं ओतलं होतं, आणि साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती. तो काही तासच चालला. पुढची बरीच वर्षं पेसमेकर एपॉक्सीतच येत राहिले आणि पाणी हळूहळू आत झिरपत राहिलं. शेवटी 1970 च्या दशकात टायटॅनियमची डबी आली: वेल्डिंगने बंद केलेली, हवासुद्धा आत जाणार नाही अशी. लार्सन 2001 पर्यंत जगले. त्यांना एकूण 26 पेसमेकर लागले. लेप सोडून डबीकडे जायला एवढी वर्षं गेली, आणि तो रस्ता माणसांच्या छातीतून गेला. चुंबकाच्या बाबतीत तो पुन्हा चालायची गरज नाही. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये चुंबक वेल्डिंगने बंद केलेल्या टायटॅनियमच्या आवरणात असतो, आणि हेलियम वायू सोडून गळती तपासायची रीत तर या उद्योगात जुनी आहे.

डबीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो. चुंबकापासून थोडं लांब गेलं की अंतर दुप्पट होताच त्याचा परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो. तीन मिलिमीटरच्या चुंबकाला अर्ध्या मिलिमीटरची भिंत घातली तर एकतर चुंबक लहान करावा लागतो, नाहीतर बोटात मोठी वस्तू जाते. जाणीव बोथट होते. खरं आहे. म्हणूनच पातळ थराचा मोह आहे आणि दर दोन वर्षांनी एखाद्या नव्या मिश्रधातूवर आशा बसते. पण या हिशेबात एका बाजूला थोडी बोथट जाणीव आहे आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या टोकाला कायमची इजा. हा सौदा मला पटत नाही, आणि पटवून देणाऱ्याने छिद्रांची मोजणी पुढे ठेवावी.

डबी म्हणजे सगळं संपलं असंही नाही, कारण डबीलाही सांधा असतो. मुलांच्या पाठीतल्या त्या चुंबकीय रॉडचं उदाहरण घ्या. टायटॅनियम मिश्रधातूचा रॉड, आत चुंबक. काढून तपासलेल्या अनेक रॉडभोवतीच्या मांसात धातूची काळी भुकटी मिळाली. आतले भाग घासले गेले होते, सील टिकलं नव्हतं. एका मॉडेलची टोकाची टोपी सुटल्याच्या तक्रारी आल्या. 2020 साली ब्रिटनच्या नियामकाने हे रॉड नव्याने बसवणं थांबवायला लावलं. त्यात टायटॅनियमचा दोष काय?

त्याहून बोलकं उदाहरण पायाची लांबी वाढवणाऱ्या स्ट्राइड नावाच्या खिळ्याचं. हाडाच्या पोकळीत बसणारा, आत चुंबक असलेला, बाहेरून चुंबक फिरवला की लांबणारा. आधीचा खिळा टायटॅनियमचा होता. त्यावर रुग्णाला पूर्ण वजन टाकता येत नसे. म्हणून बायोडर 108 नावाचं जास्त ताकदीचं, जवळजवळ निकेलविरहित पोलाद निवडलं. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, तेव्हा कागदावर ही निवड अगदी शहाणपणाची. 2018 साली तो बाजारात आला आणि 2021 च्या सुरुवातीला परत घ्यावा लागला. खिळ्याचे दोन भाग जिथे एकात एक सरकतात त्या फटीत गंज धरत होता, आणि नेमक्या त्या जागी रुग्णांचं हाड झिजत किंवा सुजत होतं. नवा मिश्रधातू, बायोकम्पॅटिबल मिश्रधातू, आणि गंज फटीत. फट ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी शत्रू आहे.

बायोकम्पॅटिबल या शब्दाची जी व्याख्या जैवपदार्थांच्या क्षेत्रात 1986 पासून रुळली आहे, तिच्यात 'विशिष्ट वापरात' हे शब्द आहेत. म्हणजे एखादा पदार्थ नुसता बायोकम्पॅटिबल नसतो. अमुक ठिकाणी, अमुक आकारात, अमुक कामासाठी तो तसा असू शकतो. विक्रीच्या पानावर यातला शेवटचा भाग गळून पडतो. कोबाल्ट-क्रोमियमचं काय झालं ते आपण भारतात पाहिलं आहे. हा मिश्रधातू शरीरात कित्येक दशकं वापरात होता. त्याचाच खुब्याचा गोळा आणि त्याचीच वाटी एकमेकांवर घासतील अशी रचना डीप्यू कंपनीच्या एएसआर सांध्यात केली गेली, आणि रक्तात, मांसात धातू उतरला. 2010 साली तो सांधा जगभरातून मागे घेतला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी पोलिसांत तक्रार केली, हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे. पण माग लागला तो जेमतेम हजारभर रुग्णांचा. बाकीचे आपल्या खुब्यात काय आहे हे न कळताच लंगडत राहिले असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. आमच्या शॉपमधून गेलेल्या दाराच्या बिजागरीचा लॉट नंबर मी दहा वर्षांनी काढून देऊ शकते.

आता नियमांचं. भारतात 2018 पासून वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम लागू आहेत आणि एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. त्या व्याख्येत शरीररचनेत 'बदल' करणारी साधनंही आहेत. म्हणजे दोर हातात आहे. तो ओढायला हवा. युरोपने 2017 च्या नियमावलीत एक वेगळी यादीच जोडली: वैद्यकीय हेतू नसला तरी शस्त्रक्रियेने शरीरात जाणारी, शरीररचना बदलणारी वस्तू याच कठोर तपासणीखाली येईल, वगळले फक्त टॅटूची साधनं आणि पिअर्सिंग. आपल्याकडेही हे इतक्याच स्पष्ट शब्दांत लिहिलं जावं. हौसेचा चुंबक आणि उपचाराचा चुंबक यांत शरीराला काही फरक कळत नाही.

तपासणी धातूच्या तुकड्याची करून चालणार नाही, पूर्ण तयार वस्तूची करावी लागेल. वेल्ड झालेली, निर्जंतुक केलेली, वाकवून आपटून बघितलेली वस्तू खाऱ्या कोमट पाण्यात महिनोन्‌महिने ठेवून त्या पाण्यात काय उतरलं ते मोजावं. मुद्दाम एक ओरखडा मारूनही मोजावं, कारण ओरखडा कधी ना कधी पडणारच. लेप फाटला तर काय होतं याचं उत्तर ज्या उत्पादकाकडे नाही, त्याला शरीरात जायची परवानगी असू नये. काहीजण म्हणतील, एवढ्या चाचण्या पुण्या-नाशिकच्या छोट्या उद्योजकाला परवडायच्या नाहीत, सगळी बाजारपेठ परदेशी कंपन्यांची होईल. या भीतीत तथ्य आहे. त्यावर उपाय सरकारी खर्चाने चालणाऱ्या चाचणी प्रयोगशाळा हा आहे. चाचणीच रद्द करणं हा उपाय होऊ शकत नाही.

"शरीर माझं, जोखीम माझी," असं भाचा म्हणालाच. शरीर त्याचंच आहे. पण जोखीम घ्यायची तर ती समोर दिसावी लागते. त्याला जे पान दाखवलं गेलं त्यावर मिश्रधातूचा कठीणपणा होता, थराची जाडी नव्हती, छिद्रांची चाचणी नव्हती, पुढे काढावा लागला तर कोण काढणार हे नव्हतं, आणि एमआरआयचा उल्लेखही नव्हता. एवढी माहिती लपलेली असताना दिलेल्या संमतीला मी संमती मानत नाही.

एमआरआयचा मुद्दा हौशी मुलांच्या मनातही येत नाही. मशीनचा चुंबक शरीरातल्या चुंबकाला ओढतो, पिळतो. कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना कधी डोकं पट्टीने घट्ट बांधून स्कॅन करावं लागतं, कधी चुंबक आधी काढावा लागतो. आता काही इम्प्लांटमध्ये चुंबक आवरणाच्या आत फिरून स्वतःच दिशा जुळवून घेतो. ही सुधारणा फार मोठी आहे, आणि ती झाली रचनेतून.

आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला असं इम्प्लांट आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना ते मिळतं. त्या कामाची मध्यवर्ती संस्था आपल्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था. हा मुलगा पहिल्यांदा "आई" म्हणाला तेव्हा जिन्यात आम्ही सगळे रडलो होतो. रोज सकाळी शाळेत जाताना त्याची आई कानामागची कॉइल लावते. टक्‌ असा बारीक आवाज होतो आणि त्याचा चेहरा वळतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला इम्प्लांटचे कागद बघायला मागितले. तिने पर्समधून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. "ताई, एमआरआयची वेळ आली तर आधी हे दाखवायचं, असं सांगितलंय," ती म्हणाली. कार्डावर मॉडेल होतं, अनुक्रमांक होता, शस्त्रक्रियेची तारीख होती. युरोपच्या नियमात असं कार्ड रुग्णाला देणं बंधनकारक आहे. मला हे कार्ड इथल्या प्रत्येक चुंबकाबरोबर हवं आहे, बोटातल्यासुद्धा, आणि त्याच अनुक्रमांकाची एक नोंद सरकारदरबारी, जी दवाखाना बंद पडला तरी पुसली जाणार नाही. त्या कार्डाची एक कड उघडून आत पाणी गेलं होतं आणि तारखेची शाई पसरायला लागली होती. तिने वरून चिकटपट्टी लावली होती, आणि मागच्या बाजूला बॉलपेनने सगळे आकडे पुन्हा लिहून ठेवले होते.